निरोगी नमुना क्रमांक एक

"इरफान, जरा इकडे ये. ही स्लाइड कुणाची आहे बघ."

"तुझीच. तुझ्याच अक्षरात लिहिलंय. एन-वन."

"ते नाही. आत बघ."

मायक्रोस्कोपच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराला जाड काळा पडदा होता, त्यामुळे बाहेर दुपारचे तीन वाजले असले तरी आत अमावास्या असायची. इरफान पटवेकर माझ्यामागून एका वर्षानं लॅबमध्ये आलेला, मूळचा खेडचा, तोंडात सतत काहीतरी चघळत असलेला. तो स्टुलावर बसला, डोळे लावले आणि त्याचं चघळणं थांबलं.

"पेशंटची स्लाइड लावलीयेस तू," तो म्हणाला. "तोडकरबाई, चष्म्याचा नंबर वाढला तुमच्या."

मलाही तेच वाटलं होतं. सहा वर्षं तेच काम केल्यावर माणूस सगळ्यात आधी स्वतःच्या हातावर संशय घेतो.

पेशींची केंद्रकं निळी दिसत होती, आणि जवळजवळ प्रत्येक निळ्या गोलात दोन-तीन लाल ठिपके होते. लहान, पण अगदी ठसठशीत. ते ठिपके मला पाठ होते. पेशंटच्या पेशीत ते असायचेच आणि निरोगी माणसाच्या पेशीत एकही नसायचा. आमची सगळी लॅब या एका फरकावर उभी होती.

आम्ही स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारावर काम करायचो. पेशीच्या केंद्रकातून कामाच्या चिठ्ठ्या लिहून बाहेर पाठवल्या जातात. आरएनए म्हणजे या चिठ्ठ्या. त्यांच्याबरहुकूम बाहेर प्रथिनं तयार होतात. चिठ्ठी बाहेर पडण्याआधी तिच्यातला नको तो मजकूर कापणारी काही प्रथिनं आतच बसलेली असतात. या आजारात एका चिठ्ठीत तीच तीन अक्षरं शेकडो वेळा लिहिली जातात. मग ती चिठ्ठी दाराबाहेर जात नाही, आतच गोळा होऊन बसते, तेच हे लाल ठिपके, आणि कापणारी प्रथिनं तिलाच चिकटून राहतात. बाकीच्या चिठ्ठ्या चुकीच्या कापलेल्या तशाच बाहेर जातात. त्यातून काय काय बिघडतं याची यादी मोठी आहे, पण सगळ्यात आधी बिघडते ती मूठ. आवळलेली मूठ पटकन उघडत नाही.

आणि हा आजार पिढीगणिक वाढतो. आजोबांना तरुणपणी मोतीबिंदू, एवढंच. मुलीची मूठ अडकते. आणि मुलीचं मूल कधीकधी जन्मतःच लुळं असतं, त्याला श्वास घ्यायचीही ताकद नसते. हे मी माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, परीक्षेत लिहितात तसं.

"परत कर," इरफान म्हणाला. "या वेळी नावं मी झाकतो. कुठली स्लाइड कुठली ते तुला कळणार नाही."

एन-वन ही काय भानगड होती ते सांगायला हवं. आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात कातडी द्यावी लागे. दंडाच्या आतल्या बाजूची, मसुराच्या डाळीएवढी. एक डॉक्टर येऊन सुई देत, गोल पात्यानं तुकडा काढत आणि वर पट्टी लावत. त्या तुकड्यातून पेशी वाढवायच्या आणि नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायच्या. पेशंटच्या पेशींशी ताडून बघायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात, आणि बाहेरचा कोण कशाला कातडी देईल? आम्ही याला गुरुदक्षिणा म्हणायचो. नळीवर नाव नसायचं, नुसता एन आणि नंबर. एन म्हणजे नॉर्मल. नंबर मात्र आल्या क्रमानं मिळत, त्यामुळे गुपित असं काही नव्हतं. मी एन-एट होते, इरफान एन-नाइन. सगळे वापरायचे एन-फोर. ती नागपूरची एक मुलगी होती, केव्हाच अमेरिकेला गेलेली, पण तिच्या पेशी इथे गाजरगवतासारख्या वाढायच्या. त्या महिन्यात इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली आणि एन-फोरसकट सगळं फेकावं लागलं. बाकीचे नंबर माझे वापरून झाले होते, तरी प्रबंधाला एक शेवटचा निरोगी नमुना कमी पडत होता. सर, म्हणजे लॅब सुरू करणारे डॉ. गद्रे, हैदराबादला गेले होते. मी टाकीच्या तळाशी हात घातला आणि जी नळी कधीच कुणी काढत नव्हतं ती काढली.

गुरुवारी दुपारी आम्ही परत त्या काळ्या खोलीत बसलो. इरफाननं चार स्लाइडची नावं चिकटपट्टीनं झाकली होती. मी एकेक बघत गेले. "नाही. नाही. आहेत. नाही."

त्यानं तिसऱ्या स्लाइडची पट्टी सोलली. खाली एन-वन होतं.

"पहिला नंबर कुणाचा असेल?" मी विचारलं. खरंतर विचारायची गरज नव्हती. लॅब ज्यानं सुरू केली, पहिली कातडी त्यानंच दिली असणार.

"मला काही दिसलं नाही," इरफान म्हणाला. "तुलाही काही दिसलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. मला पुढच्या महिन्यात जर्मनीला जायचंय."

त्यानं तोंडात बडीशेप टाकली आणि पडदा सरकवून निघून गेला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त जर्मनीला जायचं होतं.

मी तिथेच बसून राहिले आणि एकेक गोष्ट आठवत गेले. डॉ. अच्युत गद्रे कुणाशी हात मिळवत नसत. परदेशी पाहुणे आले तरी नमस्कार. आम्हाला तो त्यांचा पुणेरी ताठा वाटायचा आणि अभिमानही वाटायचा. डबा उघडला की ते झाकण हातात धरून क्षणभर तसेच उभे राहत. सर विचार करतायत, असं आम्ही म्हणायचो, आणि सहलीला गेलो की त्यांची नक्कल करायचो. त्यांचा मोतीबिंदू चाळिशीतच काढलेला होता. हे सगळं सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याच डोळ्यांनी मी पेशीतला एवढासा ठिपका शोधत होते.

आणि मग केतकी आठवली.

केतकी त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. मी बार्शीहून पुण्यात आले तेव्हा मला स्कूटर शिकवणारी, माझ्या 'व्हय'ला हसणारी आणि दुसऱ्या कुणी हसलं की त्याला फाडून खाणारी. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. आता सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. रविवारी डोहाळजेवण होतं आणि काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, मला आठवडाभर आधी बजावून ठेवलं होतं, सकाळपासून यायचं, पाहुण्यासारखं जेवायच्या वेळी नाही.

सर शुक्रवारी आले. मी स्लाइड त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही, नुसतं तिच्यावरचं नाव वाचलं.

"एन-वन काढायला कुणी सांगितलं?"

"एन-फोर गेला, सर. बुरशी."

"मला फोन करायचास."

"सर, मी दोनदा केलं. दुसऱ्यांदा नावं झाकून."

ते खुर्चीत मागे टेकले. वर पंख्याची किरकिर चालू होती. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. मी पाण्याचा पेला भरून तयार ठेवला होता, इतकी मी भोळी होते.

"नळ्या किती उरल्यात?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"त्या फेकून दे. वितळवून, ब्लीच घालून, नीट."

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांच्या पापण्या जड, अर्ध्या मिटलेल्या दिसायच्या.

"केतकी अकरावीत होती तेव्हापासून. ठिपके बघायची ही पद्धत तेव्हा नवीन होती. मी ती स्वतःच्याच पेशींवर शिकलो. म्हटलं, निरोगी कसं दिसतं ते आधी बघू."

"म्हणजे बारा वर्षं."

"बारा."

"आणि केतकीला?"

"तिचं सगळं उत्तम चाललंय."

"सर, तिची तपासणी?"

"निम्मी शक्यता असते, तोडकर. निम्मी तिच्या बाजूनंही होती."

मी त्यांना माझंच पहिलं पान वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. तिला आजार असेल तर बाळाला श्वासही घेता येणार नाही, असं होऊ शकतं. सीझर करायची वेळ आली तर नेहमीची भूल तिला चालणार नाही, ती भुलेतून उठणार नाही कदाचित. आणि ती बाळंत होणार होती गल्लीतल्या दातारबाईंच्या सहा खाटांच्या दवाखान्यात, कारण तिचा स्वतःचा जन्मही तिथेच झाला होता. तिथे तान्ह्या बाळासाठी श्वासाचं यंत्र नव्हतं. मोठ्या रुग्णालयात नाव घातलं, डॉक्टरांना आधीच कल्पना दिली, तर दोघांना निदान संधी होती. त्यासाठी फक्त कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं.

सर ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला, मी थांबले.

"रविवारी डोहाळजेवण आहे. तिला एकदा हिरवी साडी नेसू दे. ते झालं की मी सांगतो."

त्यांनी असं म्हटलं आणि मला हायसं वाटलं. ते आता माझं काम उरलं नव्हतं.

रविवारी गद्र्यांच्या हॉलमध्ये झोपाळा फुलांनी मढवलेला होता. केतकी हिरव्या साडीत, अंगभर फुलांची वाडी भरलेली, डोक्यावर फुलांचा मुकुट. तिनं मला बघून डोळे मिचकावले आणि ओठांनी 'खाजतंय' म्हणाली. पंधरा-वीस बायका, तुपाचा वास, मागच्या खोलीत पुरुष.

"पोट बघा केवढं," समोरच्या जोशीकाकू म्हणाल्या. "सातवा कुठला, नववा वाटतोय. जुळं नाही ना गं?"

"नाही हो, एकच आहे. दातारबाई म्हणाल्या, पाणी जरा जास्त आहे."

"आणि लाथा मारतं का?"

"छे. आळशी आहे. दिवसातून एखादी मारली तर मारली."

"शहाणं आहे मग. गुणी होणार बघ. माझा धाकटा पोटात नुसता फुटबॉल खेळायचा, अजून छळतोय."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, कारण सगळ्या हसत होत्या. पोटात पाणी जास्त आणि हालचाल कमी. या दोन ओळी कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, डाव्या बाजूला की उजव्या, ते मला दिसत होतं. बाळाला पोटातलं पाणी गिळायचीही ताकद नसली की पाणी साठत जातं. बायका एकेक करून केतकीच्या पोटावरून हात फिरवत होत्या आणि कानशिलावर बोटं मोडत होत्या.

मग खेळ झाला. दोन पालथ्या वाट्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. माझं लग्न झालेलं नव्हतं म्हणून ओटी भरण्यात माझा उपयोग नव्हता. काकूंनी ताट माझ्या हातात दिलं. "तू धर, मृदुला. तिच्यासमोर वाक जरा."

मी वाकले. केतकीनं डोळे मिटले, हात फिरवला आणि डावीकडची वाटी पाचही बोटांनी घट्ट पकडून उचलली. खाली बर्फी होती. एकच गलका झाला. मुलगी, मुलगी, लक्ष्मी आली. केतकीनं वाटी ताटात परत ठेवली, पण तिची बोटं वाटीवरून उठली नाहीत. ती वाटीला तशीच चिकटून होती. मी ताट धरून उभी, ती वाटी धरून बसलेली. मी मनात मोजलं. सात, आठ, नऊ. मग एकेक बोट सुटत गेलं, करंगळी सगळ्यात शेवटी.

"हे बघा, सोडवत नाही तिला," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या गद्र्यांचा हातच तसा," नलूआत्या म्हणाल्या. त्या सरांच्या थोरल्या बहीण, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगणाऱ्या. "एकदा धरलं की सोडायचं नाही. माझ्या लग्नात पाणिग्रहण झालं, भटजी म्हणाले, आता सोडा हात. मी कसली सोडतेय? सगळं कार्यालय हसलं. ह्यांना वाटलं, केवढं प्रेम."

परत हसणं. केतकी सगळ्यात जास्त हसली. "थंडीत तर विचारूच नका," ती म्हणाली, "स्कूटरचं हँडल सुटत नाही माझ्या हातून. बाबांकडून आलंय."

मी वर बघितलं. मागच्या खोलीच्या दारात सर उभे होते. ते केतकीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

जेवणं झाल्यावर मी त्यांना मागच्या गॅलरीत गाठलं. तिथे उष्ट्या ताटांचा ढीग होता आणि भांडी घासणारी बाई अजून आली नव्हती.

"बघितलंत ना," मी म्हणाले.

"बघतोच आहे. बारा वर्षं."

"आज सांगा, सर."

"आज नको. सासरची माणसं आहेत. जावई आहे. काय सांगू? लग्नाआधी मला माहीत होतं, हे सांगू?"

तेव्हा मला कळलं की ते आजाराला घाबरत नव्हते. आजारानं त्यांचं फारसं काही बिघडवलंच नव्हतं.

"तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

ते चिडले नाहीत. मग अगदी मऊ आवाजात, शिकवताना बोलायचे तसे, म्हणाले, "तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय. बुधवारी सही करतो. तोवर मला वेळ दे. एवढंच मागतोय."

ही धमकी होती का? मी पुढे कित्येक वर्षं या वाक्याचा कीस काढला आहे. त्यांनी माझ्यावर काही लादलं नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी त्या जोडल्या. माझी फेलोशिप संपून पाच महिने झाले होते. बार्शीत वडील गावभर सांगून बसले होते की पोरगी डॉक्टर होतेय, सुया टोचणारी न्हवं, मोठी. ही कारणं म्हणून सांगत नाही. कारणं सगळ्यांकडेच असतात, इरफानकडेही होतं आणि मी त्याला मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं.

"बरं," मी म्हणाले.

मी आत गेले. केतकीनं मला झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं, आपल्या गजऱ्यातला निम्मा तोडून माझ्या केसात खोचला. "तुझं लग्न झालं की माझी पोरगी करवली," ती म्हणाली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

सोमवार, मंगळवार मी लॅबमध्ये आकृत्यांवर नंबर घालत होते. निरोगी नमुन्यांच्या तक्त्यात एन-टूपासून सुरुवात केली. कुणाला विचारावंसं वाटलं तर सांगणार होते, पहिला नमुना वाढला नाही.

बुधवारी सकाळी सरांनी बोलावलं. पाच प्रती, पाच सह्या. पाचवी झाल्यावर पेन त्यांच्या बोटांत अडकलं आणि तळहात कागदावर तसाच राहिला. आम्ही दोघंही थांबलो. माझ्यासमोर आता त्यांना विचार करत असल्याचं नाटक करायची गरज नव्हती. हात सैल झाल्यावर मी कागद ओढून घेतले.

"सांगितलंत?"

"आज संध्याकाळी."

गुरुवारी मी प्रती बांधून घेतल्या, काळं कापड, सोनेरी अक्षरं, आणि विद्यापीठात नेऊन दिल्या. पावती पर्समध्ये ठेवली. बाहेर येऊन मी रसवंतीत उसाचा रस प्यायले आणि ठरवलं, उद्या सकाळी जाऊन मीच केतकीला सांगायचं. आता मला कुणी अडवू शकत नव्हतं. ते ठरवताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

त्याच वेळी, चारच्या सुमाराला, केतकीची पाणमोट फुटली. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसल्यावर समोरच्या जोशीकाकूंनी सांगितलं. दातारबाईंकडे नेलं. कळा नीट येईनात, बाळाचे ठोके पडायला लागले, म्हणून घाईत पूर्ण भूल देऊन सीझर केलं. दातारबाईंचा काही दोष नव्हता. त्यांना जे सांगितलं होतं त्यावर त्यांनी केलं, आणि त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. मुलगी झाली. ती रडली नाही. ओल्या फडक्यासारखी हातावर पडून राहिली आणि पन्नास मिनिटांनी गेली. केतकी भुलेतून उठली नाही. तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं, तीन दिवस यंत्रावर ठेवलं, चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले.

मोठ्या रुग्णालयात आधीपासून असती तर पोरगी वाचली असती का? पुस्तकं म्हणतात, काही वाचतात. मी ते पान परत उघडलेलं नाही.

सर पंधरा दिवसांनी लॅबमध्ये यायला लागले. आम्ही कामापुरतं बोललो. त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि मी विचारलं नाही. टाकीतल्या त्या दोन नळ्या मी अजून फेकल्या नव्हत्या.

सोळाव्या दिवशी मी गद्र्यांच्या घरी गेले. सर घरी नव्हते. काकू आळिवाची खीर ढवळत होत्या. "बाळ नसलं तरी अंग बाळंतिणीचंच असतं," त्या म्हणाल्या. "ते कुठे ऐकतंय?" त्यांनी वाटी माझ्या हातात दिली.

केतकी पलंगावर उशीला टेकून बसली होती. दूध आटावं म्हणून छाती ओढणीनं घट्ट बांधलेली होती. हॉलमधला झोपाळा काढून ठेवला होता, नुसत्या कड्या लोंबत होत्या आणि दारातून त्या दिसत होत्या. मी वाटी स्टुलावर ठेवली, तिच्याजवळ बसले. तिनं माझं मनगट धरलं.

मग मी सगळं सांगितलं. ठिपके, एन-वन, चिठ्ठ्या, मूठ. हँडल, वाटी, नलूआत्यांचं पाणिग्रहण. तिनं पुढे कधी मूल होऊ द्यायचं ठरवलं तर कुणाकडे जायचं, काय तपासायचं, कुठल्याही डॉक्टरला भुलेआधी काय सांगायचं, हे मी एका कागदावर लिहून आणलं होतं, तो तिच्या मांडीवर ठेवला. ती रडली नाही. मध्ये एकदाही थांबवलं नाही. तिचे डोळे त्या कागदावर होते.

"बाबांना कधीपासून माहीत होतं?"

"तू अकरावीत असल्यापासून."

तिनं मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. स्वयंपाकघरात काकूंच्या पळीचा आवाज येत होता.

"आणि तुला?"

मी खोटं बोलू शकले असते. प्रबंध देऊन झाल्यावर कळलं, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. इरफान जर्मनीला पोचला होता. सर काही बोलले नसते.

"डोहाळजेवणाच्या आधीपासून," मी म्हणाले.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"ताट तू धरलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"जा, मृदुला."

मी उठायला लागले. पण तिची बोटं माझ्या मनगटावर आवळलेली होती आणि ती उघडत नव्हती. तिनं हात झटकायचा प्रयत्न केला, तसा माझाही हात हलला. मी परत पलंगाच्या काठावर बसले. ती सुटेपर्यंत आम्ही दोघी, एकमेकींकडे न बघता, त्या बोटांकडे बघत राहिलो.